जुन्या छोट्या बोटीवर नवी जड मोटर: पिछाडीचा भार आणि डेकवरच्या पाण्याचा निचरा

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली बोट १९८०च्या दशकातली, ५.२ मीटर लांबीची, उघडी फायबरची आहे. तिच्यावर ९० अश्वशक्तीची तीन सिलिंडरची जुनी टू-स्ट्रोक मोटर आहे आणि ती बदलून ९० किंवा ११५ अश्वशक्तीची नवी फोर-स्ट्रोक मोटर बसवावी, असा आपला विचार आहे. मात्र आत्ताच बोट पाण्यात नुसती उभी असताना डेकच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत हाताचे बोट बुडेल एवढे पाणी साचलेले असते आणि दोन माणसे मागे गेली की ते वाढते. निचऱ्याची भोके मोठी करून घेतली तर नवी मोटर निर्धास्तपणे बसवता येईल का, हे आपल्याला हवे आहे.

माझे उत्तर असे आहे की भोके मोठी करणे हा या दुखण्यावरचा पहिला उपाय नव्हे आणि केवळ तेवढेच केले तर दुखणे वाढेल. कोपऱ्यात साचणारे पाणी बाहेर जाऊ न शकलेले पावसाचे पाणी नाही. ते बाहेरून आत आलेले पाणी आहे. डेकचा सर्वांत खालचा कोपरा बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली गेला आहे, आणि अशा वेळी भोक मोठे केले की पाणी बाहेर जायची वाट जेवढी रुंद होते तेवढीच आत यायचीही होते. म्हणून निचऱ्याचा प्रश्न आधी वजनाचा प्रश्न म्हणून सोडवावा लागतो, आणि वजनातही एकूण वजनाचा नव्हे तर पिछाडीला टांगलेल्या वजनाचा.

मोटरींची वजने आधी पाहू. आपल्या मोटरीच्या वर्गातल्या, म्हणजे यामाहाच्या तीन सिलिंडरच्या ९० अश्वशक्तीच्या टू-स्ट्रोक मोटरीचे वजन साधारण १२० किलो होते. आज त्याच ९० अश्वशक्तीसाठी यामाहा आणि मर्क्युरी यांच्या फोर-स्ट्रोक मोटरी १६० ते १६५ किलोंच्या घरात आहेत आणि सुझुकीची १५५ किलोंच्या आसपास आहे. फोर-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदाच जोर देतो, त्यामुळे तेवढीच शक्ती काढायला इंजिन आकाराने मोठे लागते. शिवाय झडपा, कॅमशाफ्ट आणि तेलाची टाकी यांचे वजन वेगळे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ मध्ये धुरासंबंधी नियम केले आणि ते १९९८ ते २००६ या काळात टप्प्याटप्प्याने लागू झाले. त्यानंतर जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोक मोटरी तिथल्या बाजारातून मागे पडल्या आणि युरोपातही तसेच घडले. आपली बोट ज्या काळात आखली गेली त्या काळी आखणाऱ्याच्या डोळ्यांपुढे १२० ते १४० किलोंचीच मोटर होती. त्याने डेकची उंची, मागच्या फळीची म्हणजे ट्रान्समची मोटर बसवायची खाच आणि निचऱ्याची भोके त्या हिशेबाने ठेवली. ती आखणी चुकीची नव्हती. तिच्या गृहीतातली मोटर आता मिळत नाही, एवढेच.

ही वाढ सर्व वर्गांत सारखी नाही. दीडशे अश्वशक्तीच्या वर्गात जुन्या व्ही-६ टू-स्ट्रोक मोटरीच १९० किलोंच्या पुढे होत्या आणि आजची मर्क्युरीची १५० अश्वशक्तीची फोर-स्ट्रोक २०६ किलोंची आहे, त्यामुळे मोठ्या बोटीवर बदल करणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाही. खरा फटका ७० ते ११५ या वर्गाला बसतो, म्हणजे नेमका आपल्यासारख्या पाच मीटरच्या बोटींना. त्यातही सुरुवातीच्या फोर-स्ट्रोक मोटरी अधिकच जड होत्या. १९९०च्या दशकाच्या अखेरीस आलेली होंडाची १३० अश्वशक्तीची मोटर २३० किलोंच्या आसपास होती. जुनी वापरलेली फोर-स्ट्रोक घ्यायचा मोह होत असेल तर हे ध्यानात ठेवावे. माहितीपत्रकातले वजनही बहुधा कोरडे वजन असते, म्हणजे त्यात पंखा (प्रॉपेलर), इंजिनातले व गिअरातले तेल आणि हायड्रॉलिक सुकाणूचा सिलिंडर धरलेला नसतो. ही सगळी भर दहा किलोंपर्यंत सहज जाते. उलट टू-स्ट्रोकसाठी लागणारी वेगळी तेलाची टाकी आता निघेल आणि तेवढे वजन कमी होईल. हे जमाखर्च कागदावर मांडावेत, अंदाजाने बोलू नये.

आपल्या शेजाऱ्यांनी सांगितले की पंचेचाळीस किलो म्हणजे एक शाळकरी मुलगा, त्याने काय होणार. हे मत फार ठिकाणी ऐकू येते आणि ते का चुकते हे सविस्तर पाहण्यासारखे आहे.

आपली बोट स्थिर उभी असताना पाण्याच्या पातळीवर तिचा जो आडवा छेद पडतो, तो सोयीसाठी ४.२ मीटर लांब आणि सरासरी १.५ मीटर रुंद धरू. त्याचे क्षेत्रफळ ६.३ चौरस मीटर होते. म्हणजे बोट एक सेंटिमीटर खाली जायला सुमारे ६३ किलो लागतात. पंचेचाळीस किलो बोटीच्या बरोबर मध्यावर ठेवले तर ती सगळीकडे सारखी, पाऊण सेंटिमीटरहून थोडी कमी बुडेल आणि शेजाऱ्यांचे म्हणणे खरे ठरेल. पण मोटर मध्यावर नसते. टोकावर वजन टांगले की बोट दोन गोष्टी करते: एक म्हणजे सगळी थोडी खाली जाते, आणि दुसरी म्हणजे नाळ, म्हणजे पुढचे टोक, उचलून पिछाडी टेकवते. आयताकृती छेदाचा हिशेब केला तर टोकावर टांगलेल्या वजनाने ते टोक मध्यावरच्या वजनाच्या चौपट बुडते. खऱ्या बोटीची नाळ निमुळती असल्यामुळे आकडा थोडा बदलतो, पण मोटरीचा गुरुत्वमध्य ट्रान्समच्याही मागे असतो, त्यामुळे तीन ते चार पट हे प्रमाण व्यवहारात धरून चालण्याजोगे आहे. म्हणजे पंचेचाळीस किलोंनी ट्रान्सम पावणेतीन सेंटिमीटर खाली जाईल. मागे सरकवून मोटर बसवण्याचा ब्रॅकेट लावला तर त्याहून अधिक, कारण वजन आणखी मागे गेले आणि ब्रॅकेटचे स्वतःचे वजन वाढले.

पावणेतीन सेंटिमीटर ऐकायला थोडे वाटते. परंतु या वयाच्या आणि मापाच्या बोटींत डेकचा मागचा कोपरा आणि पाणी यांच्यात मुळातच पाच-सहा सेंटिमीटरच अंतर ठेवलेले असे. आपल्या बोटीत ते आज उणे झाले आहे, म्हणजे मोटर बदलण्यापूर्वीच बोटीने ती सगळी शिल्लक कुठेतरी खर्च केली आहे. हा खर्च कुठे झाला ते शोधणे हे नवी मोटर निवडण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

चाळीस वर्षांच्या बोटीत तो खर्च सहसा दोन ठिकाणी सापडतो. पहिले ठिकाण डोळ्यांसमोर असते: मालक बदलत गेले तशी मागच्या कोपऱ्यात दुसरी बॅटरी आली, मासे जिवंत ठेवण्यासाठी पाण्याची टाकी आली, मदतीची छोटी मोटर आली, नांगर आणि साखळी मागेच ठेवायची सवय लागली, इंधनाचे डबेही मागेच राहिले. दुसरे ठिकाण झाकलेले असते. डेक आणि तळ यांच्यामधल्या पोकळीत फोम भरलेला असतो. डेकवरच्या झाकणांच्या कडा, खुर्च्यांचे स्क्रू, मोटरीच्या वायरी नेणारी नळी आणि निचऱ्याच्या नळ्यांचे सांधे यांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपत गेले की जुना युरेथेन फोम ते धरून ठेवतो. कोरडा फोम दर घनमीटरला ३० ते ३५ किलोच भरतो, तर तेवढ्याच जागेतले पाणी हजार किलो; म्हणून फोमचा थोडासा भाग भिजला तरी नव्या मोटरीच्या वाढीइतके वजन त्यात दडून बसते. आणि पाणी मागेच साठते, कारण पिछाडी खाली आहे. ती आणखी खाली गेल्यामुळे आणखी पाणी मागे येते.

ज्या बोटींचा संपूर्ण गाभाच फोमचा आहे, जसे की बोस्टन व्हेलर, त्यांत डेकपासून ट्रान्सममधून बाहेर जाणाऱ्या पितळी नळ्या असतात. त्या आतून कुजतात, त्यांच्या वळवलेल्या कडा फाटतात, आणि बाहेरून काहीही दिसत नसताना पाणी गाभ्यात शिरते. अशी नळी खडबडीत किंवा हिरवी दिसली तर ती फाटण्याची वाट न पाहता बदलावी. हे काम स्वस्त आहे आणि भिजलेला गाभा काढण्याचे काम मुळीच स्वस्त नाही.

फोम भिजला आहे की नाही हे सांगायला बोट वजनकाट्यावर नेण्यासारखा दुसरा उपाय नाही. ट्रेलरसह वजन घ्यावे, बोट पाण्यात सोडून रिकाम्या ट्रेलरचे वजन घ्यावे, त्यातून मोटर, इंधन, बॅटऱ्या आणि सामान वजा करावे आणि उरलेला आकडा बनवणाऱ्याने दिलेल्या रिकाम्या बोटीच्या वजनाशी ताडून पाहावा. चाळीस-पन्नास किलोंचा फरक रंग, दुरुस्त्या आणि जोडकामाने येऊ शकतो. शंभर-दीडशे किलोंचा फरक आला तर पाणी आहे असेच समजावे आणि डेकच्या मागच्या भागात, सर्वांत खालच्या जागी, तपासणीचे एक गोल झाकण बसवण्याइतके भोक पाडून फोम हाताने पाहावा. भिजलेला फोम उन्हात ठेवून किंवा पंखे लावून वाळत नाही. तो काढावाच लागतो. तो काढून जागा रिकामी मात्र ठेवू नये, कारण बोट पाण्याने भरली तरी तरंगत राहावी यासाठीच तो तिथे आहे. अमेरिकेत २० फुटांखालच्या आउटबोर्ड बोटींना पाण्याने भरल्यावरही आडवी, सपाट तरंगत राहण्याची अट १९७८ पासून आहे आणि फोमचे प्रमाण मोटरीच्या वजनाचाही हिशेब करून ठरते. म्हणजे मोटर जड झाली की डेकच खाली जाते असे नाही, बोट भरून गेल्यावर तिला वर धरणारी शिल्लकही तेवढी कमी होते.

आता मोटर विकत घेण्यापूर्वीची परीक्षा. शांत पाण्यात बोट उभी करावी, इंधन पूर्ण भरावे, नेहमीचे सामान नेहमीच्या जागी ठेवावे आणि निचऱ्याच्या भोकांवर बाहेरून चिकटपट्टी लावून पाण्याची पातळी त्यावर खुणेने नोंदवावी. मग जुन्या मोटरीला लागून, ट्रान्समच्या शक्य तितक्या जवळ, नव्या मोटरीच्या जास्तीच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात. पिशव्या ट्रान्समच्या आत आहेत आणि मोटर बाहेर टांगलेली असते, म्हणून वजन पंधरा-वीस टक्के अधिक धरावे. पुन्हा खूण करावी. शेवटी दोन प्रौढ माणसांनी मागच्या एकाच कोपऱ्यात उभे राहावे, कारण मासा ओढताना किंवा मोटरीत अडकलेली दोरी काढताना माणसे तशीच उभी राहतात, आणि तिसरी खूण करावी. एका माणसाने ट्रान्सम जवळजवळ चार सेंटिमीटर खाली जाते आणि एका कुशीवर कलल्यामुळे तो कोपरा त्याहून अधिक, हे डोळ्यांनी पाहिल्यावर पुढचे निर्णय सोपे होतात. माझा आग्रह असा असतो की या तिसऱ्या खुणेच्या वेळीही डेकचा तो कोपरा पाण्याच्या वर दोन-तीन सेंटिमीटर तरी असावा. तसे नसेल तर ती मोटर त्या बोटीसाठी नाही, किंवा ती बसवण्यापूर्वी मागचे वजन पुढे गेले पाहिजे.

वजन पुढे नेण्याचा परिणाम लोकांच्या अपेक्षेपेक्षा मोठा असतो. पंचवीस किलोंची एक बॅटरी ट्रान्समजवळून उचलून सव्वादोन मीटर पुढे, चालकाच्या कन्सोलखाली ठेवली तर वर धरलेल्या मापांच्या बोटीत ट्रान्सम सुमारे सव्वा सेंटिमीटर वर येते. दोन बॅटऱ्या नेल्या तर अडीच सेंटिमीटर, म्हणजे नव्या मोटरीने खाल्लेले अंतर जवळजवळ सगळे परत मिळाले. इंधनाचे दोन भरलेले डबे, मिळून पंचेचाळीस किलोंच्या आसपास, दीड मीटर पुढे नेले तर आणखी दीड सेंटिमीटर. नांगर आणि साखळी नाळेत जायला हवीत, ती मुळात तिथलीच आहेत. हे करताना दोन गोष्टींत काटकसर करू नये. बॅटरी लांब गेली की तारेत विजेचा दाब (व्होल्टेज) कमी होतो, म्हणून मोटर बनवणाऱ्याच्या तक्त्यात जाण्या-येण्याच्या एकूण लांबीला जी जाडी सांगितली असेल तीच तार वापरावी आणि बॅटरीजवळ फ्यूज बसवावा. आणि इंधनाचा डबा पुढे नेताना तो बंद, हवा न खेळणाऱ्या खणात, बॅटरीच्या शेजारी ठेवू नये. लिथियम बॅटरीने वजन निम्म्याहून कमी होते हे खरे, पण मोटर बनवणाऱ्याची त्या प्रकाराला मान्यता आहे की नाही हे पाहिल्याशिवाय ती इंजिन सुरू करण्यासाठी वापरू नये.

मोटरीच्या निवडीबद्दल माझे स्पष्ट मत आहे. आपल्या बोटीवर ७० अश्वशक्तीची हलकी फोर-स्ट्रोक बसवावी. यामाहाची ७० अश्वशक्तीची फोर-स्ट्रोक साधारण १२० किलोंची, म्हणजे आपल्या जुन्या ९०च्या जवळपास तेवढीच आहे. ९० आणि ११५ यांत मात्र वजनाने निवड करण्यासारखे काही नाही. मर्क्युरीच्या ७५, ९० आणि ११५ या तिन्ही मोटरी त्याच २.१ लिटरच्या इंजिनावर बांधलेल्या असून वजनाने सारख्याच आहेत. म्हणूनच विक्रेते ‘तेवढ्याच वजनात ११५ घ्या’ असे सांगतात. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही, पण ते तुलना १६३ किलोंशी करत असतात आणि आपल्याला तुलना १२०शी करायची आहे. ७०ने आपला सर्वोच्च वेग काहीसा कमी होईल आणि चार माणसे असताना बोट वेग घेऊन पाण्यावर चढायला थोडा अधिक वेळ घेईल. पाच मीटरच्या बोटीत हा सौदा मी डोळे मिटून स्वीकारीन. दुसरा पर्याय थेट इंधन फवारणाऱ्या टू-स्ट्रोक मोटरींचा होता. एव्हिनरूडची ९० अश्वशक्तीची ई-टेक १४५ किलोंच्या आसपास होती, पण तिचे उत्पादन २०२० मध्ये थांबले, तेव्हा ती घ्यायची तर सुट्या भागांची आणि दुरुस्ती करणाऱ्याची खात्री करूनच घ्यावी. कोणतीही मोटर घेताना बोटीवरच्या क्षमतेच्या पाटीवर लिहिलेली कमाल अश्वशक्ती आणि माणसे, मोटर व सामान यांचे मिळून कमाल वजन, ही दोन्ही बंधने पाळावीत. पाटीवरच्या त्या वजनात मोटर धरलेली आहे, म्हणजे मोटर पंचेचाळीस किलोंनी वाढली की माणसांसाठी तेवढे कमी उरते.

ट्रान्समच्या मजबुतीविषयी थोडक्यात सांगतो. प्लायवूडचा गाभा जुन्या भोकांतून पाणी शिरून कुजलेला असू शकतो. मोटर तिरकी वर उचलून तिच्या खालच्या भागावर भार देऊन पाहावा आणि ट्रान्समची वरची कड हलते का ते दुसऱ्याने पाहावे. हलत असेल तर या पुढचे सगळे थांबवून आधी ते काम करावे. ते करणारच असाल तर त्याच वेळी खाच २० इंचांवरून २५ इंचांपर्यंत उंचावून तेवढ्याच अधिक लांब दांड्याची मोटर घेण्याचा विचार करावा, कारण मागून येणाऱ्या लाटेला अडवणारी ती पाच इंचांची भिंत जुन्या बोटींना फार उपयोगी पडते.

एवढे झाल्यावर निचऱ्याच्या भोकांकडे वळावे. प्रथम आपली बोट कोणत्या जातीची आहे ते पाहावे. काही जुन्या बोटींत डेकवरचे पाणी थेट बाहेर जात नाही. ते खालच्या पोकळीत, बिल्जमध्ये उतरते आणि तिथून पंपाने बाहेर फेकले जाते. अशी बोट आपोआप निचरा होणारी नव्हे, मग विकणाऱ्याने काहीही सांगितलेले असो. बॅटरी संपली की ती भरते. पंपाच्या डब्यावरचा आकडाही पाणी वर चढवण्याची उंची आणि नळीची अडचण न धरता दिलेला असतो. ताशी १९०० लिटरचा पंप प्रत्यक्षात बराच कमी ओढतो, आणि पूर्ण क्षमता धरली तरी मिनिटाला बत्तीस लिटरच होतात.

आता खऱ्या निचऱ्याचे गणित. समजा डेक ३ मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद आहे आणि एका लाटेने त्यात सरासरी दहा सेंटिमीटर पाणी आले. ते ४८० लिटर, म्हणजे जवळजवळ अर्धा टन. ३८ मिलिमीटर व्यासाची दोन मोकळी भोके बाहेरच्या पाण्याच्या वर असतील तर ते दहावरून अडीच सेंटिमीटरपर्यंत उतरायला चार मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. २५ मिलिमीटरची भोके असतील तर जवळजवळ दहा मिनिटे, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलते. म्हणून भोके मोठी करण्याची आपली इच्छा मूलतः योग्य आहे. तिचा क्रम तेवढा नंतरचा आहे. कारण या अर्ध्या टनाने बोट सगळीकडे किमान साडेसात सेंटिमीटर खाली जाते, आणि पाणी मागे धावल्यामुळे पिछाडी त्याहूनही अधिक. निचरा आतल्या आणि बाहेरच्या पातळीतल्या फरकावर चालतो, आणि तो फरकच पिछाडीचा भार खाऊन टाकतो. फरक संपला की भोक कितीही मोठे असले तरी त्यातून काही जात नाही.

दुसरा धोका पाण्याच्या वजनाचा नाही, त्याच्या हालचालीचा आहे. डेकवर मोकळे फिरणारे पाणी बोट कलेल त्या बाजूला धावते आणि कल वाढवते. हा परिणाम पाण्याच्या खोलीवर जवळजवळ अवलंबून नसतो, तर मोकळ्या पृष्ठभागाच्या रुंदीच्या घनावर असतो. वरच्या मापांच्या डेकवर, सव्वा टनाच्या बोटीत, घोट्याइतके पाणीसुद्धा तिला सरळ उभी करणाऱ्या बळाचा बहुतांश भाग हिरावून घेऊ शकते. मागच्या कोपऱ्यातले हाताच्या बोटाएवढे पाणी तेवढे भयंकर नाही, परंतु ते निरुपद्रवी समजून त्याच्यासोबत राहायची सवय लागणे मला योग्य वाटत नाही.

भोके मोठी करताना ती कोपऱ्याच्या अगदी खालच्या बिंदूवर घ्यावीत. फिटिंगची कड डेकच्या वर राहिली तर तेवढे पाणी कायम उरते, म्हणून कड बसण्यापुरती खाच करावी. ट्रान्समचा प्लायवूड कापला जात असल्यास भोक आधी मोठे पाडून त्यात घट्ट केलेले इपॉक्सी भरावे आणि ते पक्के झाल्यावर त्यातून हव्या मापाचे भोक पाडावे, म्हणजे लाकडाला पाणी लागणार नाही. प्लॅस्टिकच्या फिटिंगला पॉलिसल्फाइड सीलंट लावू नये, ते काही प्लॅस्टिके खाते. बाहेरच्या तोंडावर रबरी झडप किंवा चेंडूची झडप बसवावी, पण तिच्याकडून पूर्ण बंदोबस्ताची अपेक्षा ठेवू नये. रबर उन्हाने कडक होऊन वाकते, चेंडूखाली खवले आणि कचरा अडकतो, आणि दोन्ही झडपा उघडायला आतून एक-दोन सेंटिमीटर पाण्याचा दाब लागतो. त्या लाटेचा झटका परतवतात. कायम पाण्याखाली असलेल्या भोकाला त्या कोरडे ठेवू शकत नाहीत. भोकात बूच घालून ठेवणे हा उपाय बोट वापरात असताना काही तासांसाठी ठीक आहे. बूच घालून बोट पावसात एकटी सोडली तर नऊ चौरस मीटरच्या उघड्या बोटीत १०० मिलिमीटर पावसाने नऊशे लिटर पाणी येते.

शेवटी एक गोष्ट, जी मला या सर्वांत अधिक गंभीर वाटते आणि जिच्याकडे जवळजवळ कोणीच पाहत नाही. पिछाडी खाली गेली की केवळ डेक खाली जात नाही. ट्रान्समवरची आणि मागच्या बाजूंवरची सर्व फिटिंग्ज तिच्याबरोबर खाली जातात. बिल्ज पंपाचे तोंड, माशांच्या टाकीचा ओव्हरफ्लो, मोटरीपुढच्या कुंडीचा निचरा, ही तोंडे आखणाऱ्याने पाण्याच्या वर ठेवली होती, म्हणून त्याने तिथे साध्या प्लॅस्टिकच्या फिटिंग्ज आणि एका पट्टीने कसलेल्या नळ्या वापरल्या, बंद करायचा कॉक दिला नाही. त्याच्या हिशेबाने ते बरोबर होते. आज ती तोंडे पाण्याखाली असतील तर उन्हाने ठिसूळ झालेले ते प्लॅस्टिक बोटीचा तळ बनले आहे. २५ मिलिमीटरची एक नळी पाण्याखाली अवघ्या पंधरा सेंटिमीटरवर निखळली तर मिनिटाला सुमारे तीस लिटर पाणी आत येते, म्हणजे वर सांगितलेला पंप सुस्थितीत असूनही जेमतेम बरोबरी करील, आणि त्या पंपाचे स्वतःचे तोंड पाण्याखाली असेल तर पंप थांबल्यावर तिथूनही पाणी उलटे येईल. म्हणून तिसरी खूण केल्यावर तिच्याखाली आलेले प्रत्येक तोंड मोजावे. जे वर हलवता येईल ते वर हलवावे, जे नको असेल ते फायबरने कायमचे बुजवावे, आणि जे तिथेच राहणार असेल तिथे कांस्याची किंवा त्या कामासाठीच बनवलेल्या मजबूत प्लॅस्टिकची फिटिंग, कॉक आणि दोन पट्ट्यांनी कसलेली जाड नळी बसवावी. पंपाच्या नळीला पाण्याच्या पातळीच्या बरीच वर एक कमान द्यावी.

डेक वर उचलून बसवण्याचा विचार आपण पत्राच्या अखेरीस मांडला आहे. तो मी करणार नाही. डेक पाच सेंटिमीटर वर आला की माणसांचा भार तेवढा वर जातो, बाजूंची आतली उंची तेवढी कमी होते आणि बोट अधिक डगमगते. शिवाय त्या खर्चात आपल्याला हलकी मोटर, नवी वायरिंग आणि सर्व फिटिंग्ज येतील. आपण आधी बोट काट्यावर न्यावी. तो आकडा, रिकाम्या बोटीचे मूळ वजन आणि तीन खुणांमधली अंतरे कळवलीत तर कोणती बॅटरी कुठे हलवावी आणि भोके किती मापाची घ्यावीत, हे मी नेमके सांगू शकेन. तोपर्यंत मागून नांगर टाकू नये, आणि वेगात असताना एकदम थांबू नये, कारण आपलीच मागची लाट आजच्या त्या खाचेवरून सरळ आत येते.